दगडाला दात नसतात

बेला
१२ जानेवारी २०२५

मोतीराम मामास,
मैत्रीचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या बेल्याला ऐकवायचं, आणि एवढं ओरडूनही तुम्ही "हो हो, जेवलो" म्हणून ठेवून देणार. म्हणून तुमच्याच पद्धतीने पाठवते आहे: पुडी आदिलाबादच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात, ट्यूबच्या काळ्या पट्टीने बांधून. तुम्ही डेपो सोडून सात वर्षं झाली, पण काळी पट्टी दिसली की ड्रायव्हर अजून विचारतात, "मोतीराम मिस्त्रीचं का?" आणि पुढे नार्नूरच्या गाडीत चढवून देतात. पोस्टाला चार दिवस लागतात, तुमच्या पट्टीला एक.

काम असं आहे. माझ्या डोंगरातल्या सायकलची सीट चालता चालता खाली-वर होते, ते तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत पाहिलं होतं आणि "ही काय सलूनची खुर्ची आहे का?" म्हणून हसला होतात. हँडलवर डाव्या अंगठ्याशी एक खटका असतो. तो दाबून सीटवर भार टाकला की सीट खाली जाते, भार काढून दाबला की वर येते. चढावर सीट वर पाहिजे, नाहीतर पायात जोर येत नाही. उतारावर खाली पाहिजे, नाहीतर तीच सीट मागून ढकलते आणि माणूस हँडलवरून पुढे उडतो.

तो खटका मोडला. मागच्या रविवारी नाल्याच्या पुलाशी घसरले, सायकल डाव्या अंगावर पडली आणि खटका दगडावर आपटला. मला काही लागलं नाही. तुकडा पुडीत आहे. आदिलाबादच्या दुकानदाराने पाहिला आणि म्हणाला, हैदराबादहून यायला तीन आठवडे, "परवालेदु, नेक्स्ट इयर पोटीला जा." हरकत नाही, शर्यतीला पुढच्या वर्षी जा म्हणे! शर्यत दोन फेब्रुवारीला आहे, नेरडीगोंड्याच्या जंगलवाटेवर. मुलींमधल्या पहिल्या तिघी राज्याच्या शिबिराला जाणार. गेल्या वर्षी मी खांदा मोडून घरी बसले होते. या वर्षी बसणार नाही. काही सुचतं का बघा.

आई मजेत. बाबांनीही सायकलची विचारपूस केली.

तुमची
मैत्री


नार्नूर
१५ जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
मामाचे आशीर्वाद.

पुडी मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, मिस्त्री, बॉम्ब तर नाही ना? मी म्हटलं, माझ्या भाचीचा आहे, म्हणजे असेलच.

मी पस्तीस वर्षं बसच्या पोटाखाली पडून काढली. एवढीशी चीज माझ्या हातात कधी आली नव्हती. पण तार ती तार. एका टोकाला ओढली की दुसऱ्या टोकाला काहीतरी सुटतं, यापलीकडे त्यात विद्या नाही. बसचा ब्रेक काय अन् तुझी सलूनची खुर्ची काय, खानदान एकच. तेव्हा घाबरू नकोस. मोडलाय तो फक्त खटका. सीटच्या खांबातलं यंत्र आणि तार शाबूत आहे ना? तार हाताने ओढली तर सीट हलते का, ते कळव. आणि हँडलच्या नळीची जाडी मोजून पाठव, दोरा गुंडाळून नको, तुझ्या कॉलेजातल्या त्या मापाच्या पट्टीने.

आता दुसरं. तुकडा मी भिंगाखाली पाहिला. तू लिहितेस दगडावर आपटला. बाई, दगडावर आपटलेली चीज एका अंगाने खरवडते. या तुकड्यावर दोन्ही अंगांनी बारीक, समोरासमोर वण आहेत, सारख्या अंतराने. दगडाला दात नसतात. पकडीला असतात.

हा कोणीतरी पकडीत धरून मोडलाय. मला वाटतं, तुझ्याबरोबर सरावाला येतो तो करण. मागच्या वेळी तू त्याला चढावर मागे टाकलंस म्हणून सांगत होतीस, आणि पोरीच्या मागे राहणं सगळ्यांनाच पचत नाही. त्याचं नाव लिही, मी त्याच्या बापाला ओळखतो. आणि मिस्त्रीशी खोटं बोलू नये. लोखंड आमच्याशी बोलतं.

मोतीराम


बेला
१८ जानेवारी २०२५

मामा,

करणला काही बोलू नका. तो बिचारा स्वतःची सायकल मला द्यायला निघाला होता, पण त्याचा सांगाडा माझ्यापेक्षा वीतभर मोठा आहे.

बाबांनी मोडला.

लिहायचं नव्हतं. तुमचं आणि बाबांचं आधीच कधी जमत नाही, त्यात मी काडी लावली असं आई म्हणेल. पण तुम्ही लोखंडाला साक्षीला उभं केलंत, आता काय लपवू. रविवारी मी नदीवर चाक धुऊन आले, सायकल ओसरीत लावली, आंघोळीला गेले. बाहेर आले तर खटका जमिनीवर. बाबा खुर्चीत बसून वही पाहत होते आणि पकड ड्रॉवरमध्ये जिथल्या तिथे होती, फक्त तिच्या दातात काळा रंग लागलेला. मी विचारलं. त्यांनी वही मिटली आणि सरळ सांगितलं, "मीच मोडला. आता उतारावर जाशीन कशी?"

बाबांच्या तहसिलीत लोक फायली दडपतात, पण ते कधी खोटं बोलले नाहीत. इथेही नाही. एवढंच काय ते त्यांचं कौतुक.

मी म्हटलं, "काऊन मोडला?" तर म्हणाले, "माह्या बापानं लोकाच्या वावरात आयुष्य काढलं, तवा मले खुर्ची भेटली. मी तुह्यासाठी खुर्ची ठेवून राह्यलो, अन् तू दगडगोट्यात जाऊन हाडं मोडून राह्यली. परीक्षेले बस. शर्यतीची दरखास्त नामंजूर." असं, दरखास्त नामंजूर! घरात की कचेरीत, तेच कळेना. मी म्हटलं, मी दरखास्त केलीच नाही, मी कळवलं. मग आई मधे पडली.

सरकारी नोकरीची परीक्षा मी देणारच आहे, मामा, एप्रिलमध्ये. अभ्यासही चालू आहे. पण खांदा माझा मोडला होता, त्यांचा नाही. सायकल मी शिकवण्या घेऊन विकत घेतली आहे. कोणाच्याही खुर्चीचा पाय कापून नाही. माझ्या वस्तूला हात लावायचा त्यांना काय हक्क?

तुमची उत्तरं: तार शाबूत आहे, ओढली की सीट हलते. नळी बावीस मिलिमीटर. मी तारेला दोरी बांधून सीटखाली लोंबकळत ठेवली होती. ओढायला हँडलवरचा एक हात सोडावा लागतो. दुसऱ्या वळणावर बोरीच्या काट्यात गेले. मग परवा तामसीकडच्या खडकाळ बरडावर सीट वरच ठेवून उतरून पाहिलं. गुडघा सोलला आणि हनुवटीला तीन टाके आहेत. आईला सांगितलं बसस्टँडवर घसरले.

तरी मी जाणार. खटका झाला तर खटक्यासकट, नाही झाला तर दोरीसकट. पण खटका झाला तर बरं.

मैत्री

ता. क. बाबांना पत्र लिहू नका. माझं भांडण मी भांडेन.


नार्नूर
२२ जानेवारी २०२५

चि. मैत्री,

हनुवटीला टाके आणि म्हणे बसस्टँडवर घसरले. तुझ्या आईला मी लहानपणापासून ओळखतो. तिला कळलेलं आहे, ती बोलत नाही एवढंच.

धम्मपालला, तुझ्या बापाला, मी पत्र लिहिणार नाही. पहिल्या झटक्यात लिहायला बसलो होतो, दोन ओळी अशा लिहिल्या की कागद जळावा. मग पेन ठेवलं. का ठेवलं ते सांगतो, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तुझी विमल मामी सरकारी नर्स होती हे तुला ठाऊक आहे. त्र्याण्णव साली तिने मोपेड घेतली. नार्नूरच्या आसपासच्या गुड्यांवर, पाड्यांवर लसी घेऊन जायची. तेव्हा या भागात बाईने गाडी चालवणं म्हणजे तमाशाच होता. डेपोत मला चिडवायचे, "मोतीराम, तुही बायको किक मारते अन् तू भाकरी भाजतो का?" वर रस्ते असे की दर आठवड्याला पडायची. एकदा कोपर फोडून आली. मला लाज वाटायची की भीती, ते तेव्हा मलाच उमजलं नाही. आता वाटतं, भीती होती, आणि लाजेचं नाव पुढे केलं की पुरुषाला बरं पडतं.

एका सकाळी मी मोपेडचा प्लग काढून खिशात घातला आणि डेपोत गेलो. मिस्त्रीच मी, दुसरं काय करणार? किक मारून मारून ती थकेल आणि घरी बसेल असा हिशोब. संध्याकाळी आलो तर घर बंद. ती खांद्यावर लसीची पेटी घेऊन अकरा किलोमीटर चालत गेली होती, आणि तेवढंच परत. पाय धुतले, चहा केला, मला दिला. आणि मग हात पुढे केला. "प्लग द्या." एवढंच. मी तिच्या हातावर ठेवला. त्यानंतर तेवीस वर्षं ती मोपेड चालली.

तर मी कोणत्या तोंडाने धम्मपालला लिहू? पकडीचे दात मी ओळखले ते मिस्त्री म्हणून नाही फक्त.

पुडीत खटका आहे. मामीच्या मोपेडचा. डाव्या मुठीखाली असायचा तो लहानसा, जो दाबून ती इंजिन बंद करायची. ती गेल्यापासून सहा वर्षं मोपेडवरची चादर मी कोणाला उचलू दिली नव्हती. काल उचलली. त्या हँडलची नळीही बावीसच. बसेल.

आता नीट वाच. तारेचं टोक याच्या खाचेत बसणार नाही. विजेच्या कनेक्टरमधला पितळी तुकडा सोबत ठेवलाय, त्यात तार घाल आणि स्क्रूने आवळ. तारेला केसाएवढी ढील ठेव, नाहीतर सीट आपोआप बसेल. आणि मुख्य गोष्ट. लहानपणी डेपोत मी तुला शिकवलं होतं, नट असा कसायचा की यमाच्या बापाला सुटू नये. ते बसच्या चाकाला. इथे तसं कसू नकोस. खटका हँडलवर इतकाच आवळ की अंगठ्याने हलणार नाही, पण मुठीने जोर लावला तर फिरेल. पडलीस तर तो फिरला पाहिजे, मोडला नाही पाहिजे. फिरलेला खटका पुन्हा सरळ होतो. नेताना-आणताना त्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळ, गाडीच्या टपावर पहिला मार त्यालाच बसतो.

आणि पड, पण हनुवटीवर नको.

मोतीराम मामा


बेला
२७ जानेवारी २०२५

मामा,

बसला! पहिल्या दिवशी तार पितळी तुकड्यातून निसटली, सीट अर्ध्यात अडकली आणि मी कुबड आलेल्या म्हातारीसारखी घरी आले. दुसऱ्या दिवशी तार दुमडून आवळली, तेव्हापासून काय बिशाद. दाबला की "टक्" वाजतो. काल झेंडावंदन झाल्यावर तामसीच्या बरडावर नऊ वेळा उतरले. सहाव्या वेळी पडले. खटका फिरला, मोडला नाही. मी मुठीने सरळ केला आणि पुन्हा वर चढले. तिथे बसून थोडी रडलेही, पण ते मामीसाठी. हनुवटीसाठी नाही.

बाबांनी काल पाहिला. ओसरीत उभे राहून म्हणाले, "हा कोन्या कंपनीचा?" मी म्हटलं, "विमल मामीच्या मोपेडचा." त्यांनी वाकून त्यावर बोट फिरवलं. मला माहीत नव्हतं, आईने नंतर सांगितलं: बाबांची पहिली पोस्टिंग नार्नूरला होती तेव्हा त्यांना कावीळ झाली होती, आणि मामी पंधरा दिवस ड्यूटी संपवून त्याच मोपेडवर त्यांना बघायला यायची. आईचं स्थळही तिनेच काढलं.

प्लगची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. ती तुमची आहे. पण मी गप्पही बसले नाही. ड्रॉवरमधून पकड काढली, त्यांच्यासमोर सायकलच्या सीटवर ठेवली आणि म्हटलं, "हा बी मोडायचा असन तर मोडा. पन मग नार्नूरले जाऊन मामाले तुमीच सांगा." तेव्हापासून पकड तिथेच असते. सराव झाला की सायकल ओसरीत आणि पकड सीटवर. येणारे-जाणारे विचारतात. मी सांगते, बाबांना विचारा.

मैत्री


नार्नूर
२९ जानेवारी २०२५

मैत्री,

पकड उचल. माणसाला चारचौघांत एवढं उघडं पाडू नये. तुझी मामी मला एवढं बोलली नव्हती.

बाकी खटक्याचं वाचून बरं वाटलं. स्क्रू रोज तपास.

मामा


बेला
४ फेब्रुवारी २०२५

मामा,

पकड उचलली नाही. मामी थोर होती. मी नाही. आणि मामी बोलली नाही म्हणून तुम्हाला ते कळायला तीस वर्षं लागली, असं मला वाटतं. राग आला तर येऊ द्या.

आता शर्यतीचं. पहाटे जीपच्या टपावर सायकल चढवायला ओसरीत आले तर सीटवर पकड नव्हती. ड्रॉवर उघडून पाहिला, जागेवर होती. आणि खटक्यावर ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली होती, तुमच्या पुडीवरचीच, घट्ट, व्यवस्थित, फायलीची नाडी बांधतात तशी गाठ मारून. आईला तशी गाठ येत नाही. मी विचारलं नाही. बाबा कपडे करून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेले होते. म्हणाले, "पडशीन तवा उचलाले कोनी पाह्यजे." मी म्हटलं, मागे बसा, पुढे बसलं की मला उलटी होत नाही. बसले मागे.

सुरू होण्याआधी सायकली तपासतात. तपासणारे साहेब खटका बघून हसायलाच लागले. "ये क्या जुगाड है? मोपेड का? नहीं चलेगा. कंपनी का पार्ट चाहिए." मी म्हटलं, ब्रेक बघा, चाक बघा, खटका दाबून बघा. ते ऐकेनात. नंबराची पाटी काढायला हात लावला. मामा, मागच्या वर्षीचं सगळं, तीन टाके, अकरा किलोमीटर, सगळं त्या पाटीवर येऊन थांबलं होतं.

आणि मागून बाबांचा कचेरीतला आवाज आला. तो आवाज ऐकून भल्याभल्यांचे फेरफार थांबलेले आहेत. "साब, कौनसे नियम में लिखा है?" साहेब म्हणाले, नियम की बात नहीं, सेफ्टी है. बाबांनी खिशातलं पेन काढलं. सोबत कागदही होता, असतोच. "ठीक है. नामंजूर है तो लिखके दीजिए. नियम का नंबर, कारण, नाम, ओहदा, दस्तखत, तारीख. हम आगे अपील करेंगे." साहेबांनी नियमांची वही मागवली. चाळली. पुन्हा चाळली. मग खटका चार वेळा दाबून पाहिला आणि म्हणाले, "काम तो करता है." पाटी राहिली.

चौदा मुली होत्या. चढावर मी पाचवी होते. पहिल्या उतारावर सीट खाली, टक्, दोघींना मागे टाकलं. ओढ्याजवळ ओल्या दगडावर पडले, डाव्या अंगावर, थेट खटक्यावर. फिरून खाली गेला होता. मुठीने सरळ केला आणि निघाले, तेवढ्यात एक पुढे गेली. शेवटच्या उतारावर ती सीटवर ताठ बसून ब्रेक दाबत होती. मी सीट खाली घेतली आणि तिच्या बाजूने गेले.

तिसरी आले. शिबिराला जाणार. मार्चमध्ये.

मी बाबांना माफ केलेलं नाही, हे तुम्हाला लिहून ठेवते. त्यांनी साहेबांना थांबवलं ते खरं, पण खटका मोडला तेही खरं, आणि एकाने दुसरं खोडून निघत नाही. शर्यतीनंतर ते खटक्यावर परत पट्टी गुंडाळू लागले तेव्हा मी सायकल धरून उभी राहिले, एवढंच.

एक विचारते. तुम्ही मामीच्या हातावर प्लग ठेवला, तेव्हा काही बोलला होतात का?

मैत्री


नार्नूर
७ फेब्रुवारी २०२५

धम्मपाल यांस,
मोतीरामचा सप्रेम जयभीम.

पुडीवर तुमचं नाव पाहून तुम्हाला नवल वाटेल. पंचवीस वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही, आणि भाचीने न लिहिण्याची ताकीदही दिलेली आहे. तिची ताकीद मी मोडतो आहे, तिला सांगा. बघून घेऊ.

पुडीत विमलच्या मोपेडचा प्लग आहे. त्याची गोष्ट पोरीला विचारा. ती गोष्ट मी तिच्यापाशी ठेवली होती, आता तुम्हाला सांगायची तिला मोकळीक आहे.

तिने मला विचारलं आहे की प्लग परत देताना मी विमलला काही बोललो होतो का. नाही बोललो. ती चहा पीत होती. मी म्हटलं, दमली आहे, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर गेली आणि मी डेपोत. मग तिने कधी काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. पुढे बढती झाली, घर झालं, माझे कान गेले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तिच्या उशाशी बसलो आणि एकदाचं सगळं बोललो. तेव्हा तिला शुद्ध नव्हती. सहा वर्षं झाली. मोपेडवर चादर घालून ठेवली होती ती त्यासाठी.

पोर तुम्हाला माफ करणार नाही म्हणते. नका मागू माफी, तिची मर्जी. पण चूक झाली एवढं तोंडाने बोला. लेखी नको. तोंडाने, तिच्या समोर, ती शुद्धीवर असताना, आणि शक्यतो मार्चच्या आधी.

परीक्षेचं ती एप्रिलमध्ये बघेल म्हणते, आणि ती म्हणते तर बघेल. आमच्या घरातल्या बायका खुर्चीवरही बसतात आणि गाडीवरही. ते ठरवणं तुमच्या-माझ्या हातात कधीच नव्हतं, आपण उगाच पकड घेऊन उभे होतो.

शर्यतीत तुम्ही पेन काढलंत ते वाचून मी दिवसभर एकटा हसत होतो. मागच्या गल्लीतली माणसं विचारून गेली.

प्लग परत पाठवू नका.

मोतीराम